वर्षभरात एकही फोन नाही

हिशेबाच्या खात्यातल्या बाई जाता जाता त्याच्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “साहेब, नवे फोन फार छान आहेत हो. आवाज किती स्वच्छ येतो. पलीकडचा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं.” बोलून त्या निघूनही गेल्या, पण याला तोंडात मारल्यासारखं झालं. “हो का, बरं झालं,” तो म्हणाला, ते बाईंच्या पाठीला. मग त्याने उगाच समोरचा फोन फडक्याने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. नवाकोरा, काळा, चपटा फोन, वर छोटा पडदा, पडद्यावर त्याचं पद आणि घड्याळ. घड्याळाकडे बघायचं नाही असं सकाळपासून ठरवलं होतं, पण ते मेलं बरोबर डोळ्यांसमोरच. जेवणाच्या सुट्टीनंतर समिती बसणार होती, आणि शीतगृहातल्या माणसाची नोकरी ठेवायची की घालवायची हे ती ठरवणार होती. समितीत तीन माणसं. मोठे साहेब, सुरक्षा अधिकारी आणि हा स्वतः. शीतगृहातला माणूस म्हणजे याच्या बायकोचा धाकटा भाऊ, हे त्या इमारतीत फक्त दोघांना ठाऊक होतं, याला आणि त्याला. आणि शीतगृहातला फोन कुणाच्या सांगण्यावरून काढला गेला, हे तर याला एकट्यालाच.

फोन बदलायचं काम मोठ्या साहेबांनी याच्यावर सोपवलं ते उगाच नाही. प्रशासनाच्या खुर्चीत बसायच्या आधी, तरुणपणी, त्याने टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात बरीच वर्षं काढली होती. नळासारख्या जाड केबली, त्यांच्या पोटात रंगीत तारांच्या जोड्या, हे सगळं त्याला अजूनही बोटांनी आठवायचं. औषधं आणि लसी साठवणाऱ्या या कंपनीत जुने फोन होते तेही त्याच काळातले, आणि तळमजल्यावरचं त्यांचं यंत्र खोलीभर घरघरत असायचं. आता ते जाणार होतं. आता फोन संगणकाच्या तारेवर चालणार, इंटरनेटवरून बोलणार. बसवायला आलेली इंजिनिअर मुलगी चटपटीत होती, सगळा कारभार मांडीवरच्या लॅपटॉपवर. ती म्हणाली होती, “सर, फोन जितके कमी तितकं काम सोपं. कोणते ठेवायचे ते तुम्ही सांगा.” तेव्हा याला ती युक्ती सुचली. जुनं यंत्र मोडीत निघायच्या आधी त्याच्याकडून काढून घ्यायचं, कुठल्या फोनवरून वर्षभरात एकही फोन लागला नाही. तो फोन बिनकामाचा. काढून टाकायचा, त्या जागी नवा द्यायचा नाही. असा सरळ नियम, कुणाला नाक मुरडायला जागा नाही. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत मान डोलावली आणि म्हणाले, “याला म्हणतात डोकं.” ते वाक्य त्याने त्या संध्याकाळी बायकोलाही सांगितलं होतं. आता ते आठवलं की त्याला आपलं डोकं मानेवरून काढून कुठेतरी ठेवून द्यावंसं वाटे.

मग ती मुलगी एक दिवस विचारायला आली, “सर, शीतगृहाच्या आत भिंतीवर एक फोन आहे. दाराजवळ, कपाटांच्या मागे. तो पण यादीत आलाय. पण तो आत आहे ना, म्हणून विचारते.” म्हणून विचारते. बिचारीने विचारलं होतं. आणि हा काय म्हणाला? वर न बघता म्हणाला, “त्या फोनवरून वर्षभरात एकही फोन नाही. नियम म्हणजे नियम.” ती क्षणभर थांबली, मग “ओके सर” म्हणून गेली, आणि तिचं इथलं काम संपल्यावर दुसऱ्या शहरात दुसऱ्या कंपनीचे फोन बदलायला निघून गेली. तिला काही कळलंही नसेल. जो फोन वापरायची वेळ येऊ नये म्हणूनच भिंतीला लावलेला असतो, त्यावरून वर्षात फोन होणार कसा? एवढं साधं याला कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं. खरं तर ती बोलली त्याच क्षणी मनात कुठेतरी खट्ट झालं होतं. पण त्या खट्टवर त्याने लगेच पाय दिला, कारण शीतगृहात मेहुणा होता.

इथेच सगळी गोम होती. मेहुण्याला या कंपनीत चिकटवला होता तो यानेच. बायको मागे लागली होती, “माझा एकुलता एक भाऊ, तुमच्या एका शब्दाचं काम.” याने शब्द टाकला, पण अट घातली, की नातं कुणाला कळता कामा नये. मेहुण्याला त्यात गंमतच वाटली. रविवारी घरी आला की “भाऊजी, चहा कुठाय, सासुरवाडीच्या माणसाला विचारा जरा” म्हणून पाय पसरून बसायचा, आणि सोमवारी फाटकात भेटला की इतर कुणाहीपेक्षा जास्त वाकून “नमस्कार साहेब” म्हणायचा आणि डोळा मारायचा. गुबगुबीत जाकीट घालून डुलत चालायचा म्हणून सगळे त्याला पेंग्विन म्हणत. ते नाव त्याला आवडायचं. याला मात्र ते सोंग कधी हसण्यावारी नेता आलं नाही. शीतगृहाचं काहीही काम आलं की त्याला घाम फुटे. जास्तीची जाकिटं मागितली तर यानेच कात्री लावली. रजा मागितली तर यानेच अडवली. मेहुण्याला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको. कुणी म्हणणार नव्हतं, कुणाला ठाऊकच नव्हतं, पण म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. बाकी प्रत्येक खात्यात जाऊन याने स्वतः सांगितलं होतं की तुमचा अमुक फोन जाणार, तमुक राहणार. हिशेबाच्या बाईंना दोनदा सांगितलं. शीतगृहात गेला नाही. खाली जिन्यापर्यंत गेला, दाराच्या फटीतून येणारी ती कोरडी थंडी पायाला लागली, आणि परत फिरला. म्हटलं, कळेल त्याला. भिंत दिसेल की.

भिंत दिसली नाही. कपाटांच्या आडची भिंत, तीही गोठलेल्या वाफेने पांढरी झालेली. रोज ज्याच्या शेजारून जातो तिकडे बघतो कोण? त्या दिवशी जोडीचा माणूस जेवायला गेलेला, बाहेर औषधांची गाडी येऊन थांबलेली, तर दोन खोकी तेवढी काढून देऊ म्हणून मेहुणा एकटाच आत गेला. दार मागे बंद झालं. ते होतंच, रोज व्हायचं, आतून दांडी ढकलली की उघडायचं. त्या दिवशी दांडीवर बर्फ धरला होता आणि ती हलेना. पत्र्याच्या आणि थर्मोकोलच्या त्या भिंतींमधून मोबाइल लागत नाही, हाका ऐकू जात नाहीत. शेवटी त्याला बाहेर काढला तो गाडीच्या ड्रायव्हरने, आणि तोही शिव्या घालायला म्हणून. “इथे मला ताटकळत ठेवून हा आत झोपलाय काय,” असं म्हणत त्याने बाहेरून दार ओढलं. ड्रायव्हरचा राग अनावर झाला म्हणून माणूस जिवंत राहिला. अजून थोडा सभ्य असता, तर वाट बघत बसला असता.

इस्पितळात मेहुणा शुद्धीवर आला तेव्हा उजव्या हाताला हे एवढं बँडेज होतं. पहिलं आणि मधलं बोट, पहिल्या पेरापासून काढावं लागलं. अंगठा वाचला. बायको औषधं आणायला खाली गेली होती, खोलीत दोघंच. मेहुणा हसला, आणि जे सांगितलं ते याला आजही पहाटेच्या वेळी, अंघोळ करताना, जिना चढताना ऐकू येतं. “भाऊजी, दार उघडेना म्हटल्यावर मी सरळ फोनकडे गेलो. अंधारात हात घातला तर फोनच नाही. चार भोकं आणि दोन तारा. म्हटलं, हात्तिच्या. पण मग तुमची आठवण झाली.” याने विचारलं, “माझी?” “तुम्हीच नाही का शिकवलं होतं, लहानपणी? टिचक्या मारून नंबर लावायचा. मी हातमोजा काढला, दोन्ही तारा सोलून टोकं मोकळी केली आणि टेकव-सोड, टेकव-सोड करत बसलो. मोजा घालून तार चिमटीत येत नव्हती ना. तुमचाच नंबर लावत होतो. पण त्यात शून्य आहे, शून्याला दहा टिचक्या. बोटं बधिर झाली की मोजणं चुकतं. मला वाटलं माझंच चुकतंय. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.” आणि मग, जणू याची समजूत काढायला, “शेवटी शेवटी दुखतही नव्हतं हो.” खालचं यंत्र त्याच्या आदल्याच आठवड्यात मोडीत गेलं होतं. त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. मेहुणा हजार वर्षं अचूक मोजत बसला असता तरी काही झालं नसतं. हे याने त्याला सांगितलं नाही. “पाणी देऊ का,” असं विचारलं.

शिकवलं होतं खरं. लग्न ठरलं होतं आणि व्हायचं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. सासऱ्यांनी घरच्या फोनच्या तबकडीला एक इवलंसं कुलूप लावून ठेवलं होतं, पोरं फोन करून बिल वाढवतात म्हणून. किल्ली जानव्याला बांधतात तशी, कमरेच्या करगोट्याला. हा होणारा जावई, एक्स्चेंजमधला, अंगात मस्ती. सासरे आत कपडे बदलायला गेले तेवढ्यात याने रिसीव्हर उचलला आणि ज्या खटक्यावर तो ठेवतात तो खटका बोटाने टपटप दाबून कुलूप न काढता नंबर लावून दाखवला. बायको, म्हणजे तेव्हाची होणारी, तोंडावर पदर धरून हसली. आणि तिचा हा भाऊ, शेंबडा, टेबलावर चढून बसलेला, डोळे विस्फारून बघत राहिला. “फोन म्हणजे शेवटी दोन तारा,” हा त्याला ऐटीत म्हणाला होता. “हा डबा नसला तरी चालतं. तारा टेकव, सोड, टेकव, सोड. पलीकडे कुणीतरी असतंच.” पोराने पुढे महिनाभर त्या खटक्यावर सराव केला, आणि कुलूप असून बिल कसं वाढतं याचा छडा सासऱ्यांना मरेपर्यंत लागला नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षं घरात सगळे जमले की या गोष्टीवर हसून हसून पुरेवाट व्हायची. गोष्ट सांगायला सुरुवात मेहुणाच करायचा. त्या अपघातापासून ती गोष्ट घरात कुणी काढली नव्हती.

मेहुण्याला इस्पितळातून घरीच आणला. एकटा जीव, जाणार कुठे? बायको त्याला समोर बसवून भरवायची, घास करून करून, लहानपणी भरवायची तसं. तो लाजायचा, “ताई, मला डाव्या हाताने येतं,” म्हणायचा, आणि ती “गप्प बस” म्हणून पुढचा घास करायची. हा त्याच पंगतीला, खाली मान घालून. परवा असाच घास करता करता ती म्हणाली, अगदी शांतपणे, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी, “ज्याने तो फोन काढला ना, त्याचे हात झडोत.” मेहुण्याला ठसका लागला. तिने पाणी पुढे केलं. पाणी पिऊन तो म्हणाला, “असं बोलू नये ताई. चूक माझी आहे. एकटं जायचं नाही असा नियम आहे.” “नियम गेला चुलीत,” ती म्हणाली, आणि मग याच्याकडे वळून, “तुम्ही तरी विचारलंत का कुणी काढला ते?” याचा घास हातातच होता. तो म्हणाला, “ते फोन बसवणारे लोक बाहेरचे होते. गेले ते.” हे खोटंही नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज आलं. तो घास त्याने खाल्ला. चावला, गिळला, वर भात घेतला. मेहुणा त्या वेळी त्याच्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता, आणि याला पहिल्यांदाच वाटलं की मेहुण्याला सगळं ठाऊक आहे. इस्पितळातल्या त्या पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

समितीच्या खोलीत टेबल लांब होतं आणि मधोमध नवा फोन होता, तीन पायांचा, सगळ्यांचे आवाज एकदम ओढून घेणारा. तोही यानेच मागवलेला. सुरक्षा अधिकाऱ्याने प्रकरण मांडलं. माणूस एकटा आत गेला, नियम मोडला, उपचार कंपनीने केले, आता अशा माणसाला ठेवणं धोक्याचं. मोठे साहेब तसे वाईट नव्हते. ते म्हणाले, “एकच गोष्ट बघायची. आत फोन नव्हता हे त्याला ठाऊक होतं की नाही? ठाऊक नसेल तर चूक आपली, त्याला नोकरीवर ठेवावं लागेल आणि ज्याने सांगितलं नाही त्याला जाब द्यावा लागेल. ठाऊक असून गेला असेल तर मग त्याचं नशीब.” त्यांनी याच्याकडे पाहिलंही नाही. ज्याने सांगितलं नाही तो टेबलाच्या याच बाजूला बसलाय हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, नियम याचा असला तरी शीतगृहातला फोन काढण्याची चूक त्यांनी केव्हाच त्या बाहेरच्या मुलीच्या नावे टाकली होती. मेहुण्याला आत बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. जाकीट नव्हतं, त्यामुळे लहान दिसत होता. बँडेज मांडीवर. “आत फोन नव्हता हे तुम्हाला ठाऊक होतं का?” साहेबांनी विचारलं. मेहुण्याने एकदाच याच्याकडे पाहिलं आणि फाटकात म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, “ठाऊक होतं, साहेब.”

सुरक्षा अधिकारी लिहू लागला. याला वाटलं, झालं, सुटलो, आणि सुटलो असं वाटल्याचीच त्याला इतकी किळस आली की तोंडातून शब्द कसे फुटले ते त्याचं त्याला कळलं नाही. “त्याला ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला. “मी सांगितलं नाही. त्या मुलीने मला विचारलं होतं, आत फोन ठेवायचा का. मीच काढायला सांगितला. बाकी सगळ्या खात्यांत जाऊन सांगितलं, तिथे गेलो नाही. हा मुद्दाम खोटं बोलतोय.” मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा गंभीर झाला होता, आणि याला आतून मोकळं मोकळं वाटत होतं, कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेता येत होता. नोकरी जाईल, जाऊ दे. साहेब म्हणाले, “हे फार मोठं आहे. तुम्ही हे सगळं लिहून द्याल?” “आत्ता देतो.” आणि तेवढ्यात मेहुणा खुर्चीतून अर्धवट उठला, घाबरला होता बिचारा, आणि म्हणाला, “भाऊजी, राहू द्या ना.”

“भाऊजी?” मोठे साहेब म्हणाले.

ते एकदा मेहुण्याकडे आणि एकदा याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते हसले, वाईट हसले नाहीत, समजून घेतल्यासारखं हसले. “असं आहे होय,” म्हणाले. सुरक्षा अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. हा म्हणाला, “साहेब, नातं आहे म्हणून नाही. उलट नातं आहे म्हणूनच मी तिथे...” पण ते वाक्य पूर्ण करायला घेतलं आणि ते किती खोटं वाटतं हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. मेहुण्याला सूट मिळू नये म्हणून त्याचा फोन काढला, असं जगात कुणाला पटवून देणार? मोठे साहेब उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “कळतं मला. माझ्याही बायकोला भाऊ आहेत. पण सख्ख्या मेहुण्यासाठी असा बळी जायला निघू नका. इतकी वर्षं लपवलंत, तेही आम्ही विसरतो. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, ठाऊक होतं म्हणून. आपण तेच धरू.” आणि त्यांनी तेच धरलं. मेहुण्याने डाव्या हाताने सही केली. ती करायला त्याला बराच वेळ लागला आणि तोपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत राहिले.

तो त्याला घेऊन आपल्या टेबलापाशी आला, समोरच्या खुर्चीत बसवलं. आता कुणापासून लपवायचं काही उरलं नव्हतं. हिशेबाच्या बाई लांबून बघत होत्या, बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असावी. “ताईला फोन करा,” मेहुणा म्हणाला. “वाट बघत असेल ती. सांगा, नोकरी गेली, पण मी मजेत आहे म्हणावं. बाकी काही सांगू नका.” याने घरचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. “काय झालं?” ती म्हणाली, आणि बाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज आला. याने एकदा मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने मान हलवली, नको. “त्याची नोकरी गेली,” हा म्हणाला, आणि थांबायचं होतं तिथे थांबला नाही. “आणि ऐक. तो फोन मी काढला. बाहेरच्यांनी नाही. त्यांनी मला विचारलं होतं, मी काढा म्हटलं. आणि याला सांगायला गेलो नाही.” लाइन तुटली असं वाटून त्याने पडद्याकडे पाहिलं, तर सेकंद पुढे सरकत होते. मग ती म्हणाली, “त्याच्याकडे द्या फोन.”

त्याने रिसीव्हर टेबलावरून पुढे केला. मेहुण्याने तो डाव्या हाताने घेतला, कानाला लावला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. बायको काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं. मेहुणा नुसता, “हो ताई. नाही ताई. हो, मला ठाऊक होतं. नाही ताई, तसं नाही गं,” असं म्हणत राहिला. शेवटी त्याने रिसीव्हर खाली ठेवला. नीट बसला नाही म्हणून उचलून पुन्हा ठेवला.

“काय म्हणाली?” याने विचारलं.

मेहुणा त्याच्याकडे न बघता बोलला. “मला रिक्षात बसवून द्या म्हणाली,” तो म्हणाला. “आणि तुम्ही आज बाहेरच जेवा म्हणाली.”